चिखल दिसला, वेड कुठे गेले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रॉबर्ट एगर्स यांचा ‘द नॉर्थमन’ (२०२२) हा वायकिंग लढवय्यांवरचा सिनेमा परवा भाच्याने घरच्या टीव्हीवर लावून दिला. ‘मामा, यातली रंगभूषा बघाच,’ म्हणाला. बडोद्यातल्या हौशी नटांची तोंडे रंगवण्यात माझी हयात गेली, तेव्हा मी आधी नखेच बघितली. नखांत मळ, दातांवर पिवळट पुटे, घामाने ओघळलेली राख. आमच्याकडे मुलतानी मातीचा लेप दुसऱ्या अंकापर्यंत तडकतो आणि नट हसला की गालाची खपली खाली पडते. इथे कुठे तडा म्हणून नाही! गावावरच्या हल्ल्याचा प्रसंग तर अंगावर येतो. शेवटी पोराबाळांना झोपडीत कोंडून आग लावतात; नायक त्याच हल्लेखोर टोळीतला, पण तो कोणाला अडवत नाही. शूरांच्या कथेतली ही घाण धुऊन न टाकल्याबद्दल दिग्दर्शकाला दाद द्यायलाच हवी.

तक्रार आहे ती त्या चिखलाचीच. सिनेमाची ही गोष्ट ॲम्लेथ या राजपुत्राची. साक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश लेखकाने ती १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहून ठेवली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे मूळ तिथलेच. हॅम्लेट तर आगरकरांनी केलेल्या ‘विकारविलसित’ या मराठी रूपांतरामुळे (१८८३) आणि ती भूमिका गाजवणाऱ्या नट गणपतराव जोशींमुळे आपल्या घरचाच झाला. साक्सोच्या गोष्टीत काका बापाला मारतो आणि पोरगा जीव वाचवायला वेडाचे सोंग घेतो. अंगाला घाण फासतो, चुलीपाशी बसून निखारे उकरतो, लाकडाचे आकडे करून विस्तवात टणक करतो. कोणी विचारलेच तर सांगतो, बापाचा सूड घ्यायला भाले करतोय. सगळे खो खो हसतात. पुढे दारू पिऊन आडव्या झालेल्या दरबाऱ्यांवर तो आईने विणलेला पडदा टाकतो, त्याच आकड्यांनी जखडतो आणि वाडा पेटवून देतो. खरे तेच सांगून फसवणारा असा नायक कुठे मिळायचा!

म्हणजे मूळ गोष्टीत चिखल हीच त्याची रंगभूषा. चारचौघांत तो एकटा बरबटलेला, म्हणून वेडा ठरतो. सिनेमात राजापासून गुलामापर्यंत सगळेच माखलेले, मग एकाच्या चिखलाला कोण विचारतो? वेड विलेम डफोच्या विदूषकाला देऊन टाकले. युक्ती गेली नायकाच्या प्रेयसीकडे, ओल्गाकडे. रश्श्यात अळंबी कालवून ती शत्रूला भ्रमिष्ट करते. नायक झालेल्या स्कार्सगार्डच्या वाट्याला उरले दंड आणि आरोळ्या. काकाच्या घरी शिरायला तो गुलामाचे सोंग घेतो खरे, पण केस कापले, डाग दिला की संपले, चालणे-बघणे पहिलवानाचेच. असल्या धिप्पाड गुलामाचा काकाला सुरुवातीलाच संशय कसा येत नाही, देव जाणे.

सोंग कसे वठवावे हे त्यात एकटीला कळले आहे, नायकाची आई झालेल्या निकोल किडमनला. मुलापुढे आई आपला मुखवटा काढते, त्या प्रसंगात रक्त नाही की चिखल नाही, तरी मी खुर्चीच्या कडेवर आलो. (काय बोलते ते सांगत नाही, बघणाऱ्यांचा विरस नको.)

बडोद्यातल्या कोणा हौशी मंडळाने साक्सोची मूळ गोष्ट उभी करावी. रंगभूषा मी फुकट करून देईन. अट एकच, चिखल एकालाच लावायचा.

आपला,
एक जुना रंगभूषाकार
दांडिया बाजार, बडोदा