विषय : चष्मा काढून घेतल्यावर हातात दिलेलं संमतीपत्र, आणि अजून न मिळालेली फाईल

प्रति,
वैद्यकीय संचालक,
लेझर नेत्रशस्त्रक्रिया केंद्र

महोदय,

पाच महिन्यांपूर्वी तुमच्या केंद्रात चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी माझ्या दोन्ही डोळ्यांची लॅसिक (लेझर शस्त्रक्रिया) झाली. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस साडेसहा होता, डाव्याचा मायनस सहा. आज भिंतीवरच्या तक्त्यातली ६/६ ची ओळ मी चष्म्याशिवाय वाचते. हे आधीच लिहून टाकते, कारण तुमच्या तक्रार विभागाला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य हेच येतं, "मॅडम, तुमचं तर सिक्स बाय सिक्स आहे, मग तक्रार कसली?"

तक्रार शस्त्रक्रियेच्या आधीच्या अर्ध्या तासापासून सुरू होते.

त्या दिवशी आत घेतल्यावर मला गाऊन आणि टोपी दिली. चष्मा पर्ससोबत लॉकरमध्ये गेला. एक गोळी दिली, "टेन्शन येऊ नये म्हणून". डोळे बधिर करणारे थेंब दोनदा घातले. मग तुमच्या काउन्सेलरबाईंनी पॅड आणि पेन मांडीवर ठेवलं. पॅडला सहा पानं लावलेली होती. मायनस साडेसहा नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय जेमतेम पंधरा सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मांडीवरचा कागद म्हणजे माझ्यासाठी करड्या रेघा होत्या. मी पॅड उचलून नाकाशी धरलं आणि पहिल्या परिच्छेदाच्या तीन ओळी वाचल्या. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, फॉर्मॅलिटी आहे, सगळेच करतात. सर आत थांबलेत." त्यांचं बोट जिथे होतं तिथे मी सही केली. पान उलटलं, पुन्हा बोट, पुन्हा सही. असं सहा वेळा झालं.

शेवटच्या सहीच्या वर काय छापलंय ते मला नंतर घरी प्रत पाहिल्यावर कळलं : "वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला पूर्णपणे समजला आहे."

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या आणि अनुस्वार तपासणं हाच माझा धंदा, आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दलची सहा पानं मी न वाचता सही करून मोकळी झाले. ही माझी चूक आहेच. पण ती घडावी अशी सोय तुमच्याकडे पद्धतशीर लावलेली आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, डोळ्यावर रिंग दाबल्यावर क्षणभर झालेला पूर्ण अंधार, मग लेझरची टकटक आणि केस जळल्यासारखा वास. डॉक्टर शांतपणे बोलत होते आणि हात सफाईदार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याची पाती वेगवेगळी दिसली तेव्हा मी रडले, आनंदानं. पुढे फार दिवस रडता आलं नाही, डोळ्यांत पाणीच उरलं नाही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी तिसऱ्या महिन्यात केलेल्या शर्मर चाचणीचे आकडे सोबत जोडले आहेत. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं थांबायचं आणि किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं. उजवीकडे ४ भरले, डावीकडे ६. दहाच्या खाली गेलं की कमी धरतात, पाचच्या खाली फारच कमी. सकाळी उठल्यावर पापणी बुबुळाला चिकटलेली असते. एकदम डोळा उघडला तर ओरखडा उठल्यासारखी कळ येते, म्हणून मी आधी चाचपडत थेंबांची बाटली शोधते, मिटल्या पापण्यांच्या कोपऱ्यात थेंब सोडते, थोडं थांबते आणि मग डोळा उघडते. एक फर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) वाचायचा तर मध्ये तीनदा थेंब घालावे लागतात. रात्री रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं, ते वेगळंच. ते हळूहळू कमी होतंय, त्यामुळे त्याबद्दल मी तूर्त गप्प आहे.

लॅसिकनंतर डोळे कोरडे पडू शकतात हे मला आता समजलं आहे. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पापुद्रा उचलताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, मग अश्रू तयार करण्याचा निरोप नीट पोचत नाही. त्या नसा पुन्हा वाढायला कित्येक महिने जातात. बहुतेकांचं पुढे बरंच सुधारतं, काहींचं रेंगाळतं. हे सगळं तुमच्या सहा पानांत आहे, पान तीन, खालून दुसरा परिच्छेद. माझा प्रश्न आहे की शर्मर चाचणी आधी का केली नाही? पहिल्या तपासणीच्या दिवशी मी स्वतः सांगितलं होतं, "कॉन्टॅक्ट लेन्स मला दुपारनंतर सहन होत नाहीत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं." डोळे आधीपासूनच कोरडे असण्याची ती खूण आहे, असं दुसऱ्या डॉक्टरांनी ऐकताक्षणीच सांगितलं. तुमच्या फॉर्मवर 'लेन्सचा त्रास' हा रकाना कोरा आहे. शिवाय लेन्स काढून दोनच दिवस झाले असताना कॉर्नियाचा नकाशा घेतला. मऊ लेन्सनेही कॉर्नियाचा आकार बदलतो, म्हणून मोजमापाआधी निदान एक-दोन आठवडे लेन्स बंद ठेवायला सांगतात, हेही मला बाहेरच कळलं. चाचणी झाली असती, तर कदाचित आधी काही महिने कोरडेपणावर उपचार करा म्हणाला असतात. कदाचित तुमच्यासाठी लॅसिक नकोच म्हणाला असतात. जाहिरातीत 'दहा मिनिटांत चष्म्यापासून कायमची सुटका' असं लिहिणाऱ्यांना 'नको' म्हणणं जड जात असावं. (त्यातलं 'कायमची'ही खरं नाही. चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा नेहमीच्या लॅसिकनं चुकत नाही.)

आता फाईलबद्दल. गेल्या दोन महिन्यांत मी तीनदा लेखी मागणी केली. एकदा "सिस्टीम बदलली आहे", एकदा "सरांना विचारून सांगतो", तिसऱ्या वेळी काहीच नाही. माझ्याकडे पहिल्या तपासणीची एक चिठ्ठी आहे, तिच्यावर एकच उपयोगाचा आकडा आहे : उजव्या कॉर्नियाची जाडी ५२८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला पापुद्रा किती जाडीचा कापला, लेझरनं किती झिजवलं, खाली किती उरलं, काही नाही. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहायला हवेत, नाहीतर कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. माझे किती उरलेत हे मी कुणाला विचारायचं?

हे कागद मला भांडणासाठी नकोत. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाची मूळ वक्रता उपयोगी पडते. लॅसिक झालेल्या डोळ्यात नेहमीचं गणित चुकतं. कॉर्निया पातळ झाल्यानं डोळ्यातला दाबही यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे काचबिंदू तपासणाऱ्यालाही हे माहीत असायला हवं. म्हणून ही फाईल मला वीस-पंचवीस वर्षांनी लागणार आहे, तेव्हा तुमचं केंद्र असेल-नसेल.

पैसे परत द्या असं मी म्हणत नाही. दोन्ही डोळ्यांची पूर्ण फाईल, म्हणजे आधीचे नकाशे, वक्रता, नंबर, पापुद्र्याची जाडी आणि झिजवलेली खोली, पंधरा दिवसांत द्यावी. एकदा तरी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनी स्वतः मला तपासावं. आतापर्यंतच्या चारही फेऱ्यांत मशीनवरच्या मुलांनी तक्ता वाचून घेतला आणि "छान आहे" म्हणून पाठवून दिलं. आणि संमतीपत्र रुग्णाच्या हातात निदान आठवडाभर आधी, चष्मा डोळ्यांवर असताना पडावं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२२ मध्ये लॅसिकबाबत जो मसुदा काढला, त्यात निर्णय घेण्यापूर्वी रुग्णाने वाचायची यादीच दिली होती. तुम्हाला नवीन काही शोधायचं नाही, फक्त आहेत ती सहा पानं वेळेवर द्यायची आहेत.

ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र सर्व कागदांसह पुढे जिथे दाद मागता येते तिथे पाठवीन. उत्तर फोनवर नको, लेखी हवं.

आपली,
एक रुग्ण
(नोंदणी क्रमांक पाकिटावर लिहिला आहे)

सोबत : शर्मर चाचणीचा अहवाल, पहिल्या तपासणीची चिठ्ठी, संमतीपत्राची प्रत, फाईलसाठी केलेल्या तीन अर्जांच्या पोचपावत्या