दराचा लिफाफा उघडण्याआधी कारण कळवा

संपादक महोदय,

सरकारी कामाची निविदा दोन लिफाफ्यांत भरतात: आधी पात्रतेची कागदपत्रे असलेला तांत्रिक लिफाफा तपासतात, मग पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतात. ठाणे असो की नवी मुंबई, निविदेत बाद झालेला ठेकेदार 'कोर्टात बघू' म्हणतो. कोर्ट काय बघते, हे मात्र याचिका फेटाळल्यावर कळते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली, म्हणजे रिट याचिकेत, उच्च न्यायालय ठेका कोणाला द्यावा हे ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 'टाटा सेल्युलर' (1994) निकालापासून तपासला जातो तो निर्णय घेण्याचा मार्ग. त्याच न्यायालयाच्या 'जगदीश मंडल' (2007) निकालाने कसोटी आणखी आवळली: निर्णय दुष्ट हेतूने, कुणाच्या सोयीसाठी किंवा निव्वळ मनमानीने झाला का, आणि जनहिताला बाधा येते का? नुसता 'माझा दर कमी होता' हा मुद्दा तिथे टिकत नाही.

कागदपत्रातील प्रत्येक चूक मात्र सारखी नसते. 'पोद्दार स्टील' (1991) प्रकरणात बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने हवी होती. आला युनियन बँकेचा, त्याच बँकेवर काढलेला चेक. पैशाची हमी तेवढीच पक्की, म्हणून ती अट दुय्यम ठरली आणि निविदा बाद होण्यापासून वाचली. पण एवढ्यावर विसंबून अनुभवाचा दाखला जोडायचा विसरलात, तर कोर्ट सांभाळून घेईलच असे नाही. अट संदिग्ध असेल तर 'ॲफकॉन्स' (2016) नुसार निविदा काढणाऱ्याने लावलेला अर्थ सहसा मान्य होतो. म्हणून शंका निविदा भरण्याआधीच्या (प्री-बिड) बैठकीतच लेखी मांडावी आणि शुद्धिपत्रकाचा आग्रह धरावा. निविदा भरून, हरून, मग अटच चुकीची म्हणणाऱ्याला 'तेव्हा गप्प का होता?' हे ऐकावेच लागते.

खरी अडचण वेळेची आहे. 2018 च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 20ए आले. पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाला देता येत नाही. रिट याचिकेतही स्थगिती टाळावी, चूक सिद्ध झाल्यास भरपाई द्यावी, असे 'एन. जी. प्रोजेक्ट्स' (2022) हा निकाल सांगतो. कार्यारंभ आदेश निघाला की हातात उरते ती भरपाईची लढाई. त्यामुळे तांत्रिक लिफाफ्याचा निकाल आणि दराचा लिफाफा यांमधले दिवस लाखमोलाचे.

नेमके तेच दिवस गिळले जातात. घोडबंदर-भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदांत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) एल अँड टी कंपनीला तांत्रिक टप्प्यावर बाद केले, पण निकाल न कळवताच दर उघडले, हाच वादाचा मुद्दा होता. आपला दर कमी असल्याचा कंपनीचा दावा होता. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारल्यावर मे 2025 मध्ये प्राधिकरणाने दोन्ही निविदाच रद्द केल्या. म्हणजे ठाणेकर पुन्हा कोंडीत.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 173 खाली, बाद झालेल्याने विचारले तर कारण सांगावे लागते. आपल्या महापालिकांनी निविदेतच लिहावे: न विचारता कारण पोर्टलवर टाकू आणि त्यानंतर किमान सात दिवस दर उघडणार नाही. कारणही 'कागदपत्रे अपूर्ण' असे मोघम नको; अट क्रमांक, कोणता दाखला, त्यात काय कमी, हे हवे. प्रशासनाचाही यात फायदा आहे. आदेशात न लिहिलेले कारण नंतर प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाही, हे 'मोहिंदर सिंग गिल' (1978) पासून ठरलेले आहे. कारणाचा तीन ओळींचा शेरा टंकायला अभियंत्याला फार तर अर्धा तास लागेल.

— एक वाचक, ठाणे