अंतर्गत चाचणी शेवटच्या आठवड्यातच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपत आले की मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘महत्त्वाचे प्रश्न’ मागणाऱ्या मुलांची रांग लागते, आणि त्याच आठवड्यात आत अंतर्गत चाचण्या उरकल्या जातात. परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी २२ वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो. या उरकण्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करतो. चाचणी ही झालेले शिक्षण मोजण्यापुरती असते, तिच्यातून शिक्षण घडत नाही, अशी आपण सोयीची समजूत करून घेतली आहे. माणूस कसा शिकतो याविषयीचे संशोधन मात्र वेगळेच सांगते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले, तर काही उतारे एकदाच वाचून, मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेले सरस ठरले: ८१ टक्के आठवले, लिहून पाहिलेले ७५ टक्के. आठवड्याने पारडे फिरले. दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के. आदल्या रात्री झेरॉक्स वाचून सकाळचा पेपर का निघतो आणि पुढच्या सत्रात त्याच मुलाला मागचे काहीच का आठवत नाही, याचे उत्तर मला या चार आकड्यांत मिळाले. मुलांना आळशी म्हणून आपण मोकळे होतो. पण आपली परीक्षापद्धतीच ‘पाच मिनिटांनंतरच्या’ अभ्यासाला बक्षीस देते.

गेली तीन वर्षे मी तासाला वह्या मिटायला लावून दोन प्रश्न विचारतो, एक कालच्या तासावरचा आणि एक तीन-चार आठवड्यांपूर्वीचा. सुरुवातीला हे तासाच्या आरंभी करत असे, पण गंगाखेड आणि पालमकडून एसटीने येणारी मुले नेमकी त्याच वेळी दारात उभी असत, म्हणून ते शेवटच्या दहा मिनिटांवर नेले. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर बल किती, असा प्रश्न मी एकदा विचारला. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ‘शून्य’ लिहिले आणि त्यांत न्यूटनचे नियम घडाघडा म्हणणारेही होते. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे मी उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालायला सांगितले. इंग्रजीतून शिकवलेल्या तासाला तोंड न उघडणारी मुले मराठीतून भांडू लागली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बल नसतं तर तो तिथंच लटकून राहिला असता की!’ इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

हे माझ्या एका वर्गाचे कौतुक ठरू नये म्हणून सांगतो, की विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. ते वर्ग आपले नव्हते, हे खरे; पण विसरणे आणि आठवणे गंगाखेडला काही निराळे होत असेल असे मला वाटत नाही.

अडचणी आहेत. ‘सर शिकवत नाहीत, नुसते विचारत बसतात,’ अशी तक्रार माझ्याविरुद्ध गेलेली आहे. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका अभ्यासात असेच दिसले, की अशा वर्गांत मुले जास्त शिकतात पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते. तेव्हा ही तक्रार प्राचार्यांनी जरा सबुरीने ऐकावी. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना तर घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, त्यांच्यावर तपासणीचे गठ्ठे लादणे अन्यायाचे होईल. दोन ओळींची उत्तरे मुलांनी वह्या बदलून तपासली तरी काम भागते. (विद्यार्थिकेंद्री अध्यापनावरच्या एका उजळणी वर्गात आम्हाला सलग चार तास पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवण्यात आली होती, हे जाता जाता नोंदवतो.)

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील आपल्या दोन्ही विद्यापीठांना माझी विनंती एवढीच आहे, की अंतर्गत गुण सत्रभर विखुरलेल्या आठ-दहा छोट्या चाचण्यांत वाटून द्यावेत आणि प्रत्येक चाचणीत मागच्या घटकावरचा एक तरी प्रश्न असावा. त्यासाठी नवा निधी लागत नाही, स्मार्ट बोर्डही लागत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या गुणतक्त्यात सध्या चाचण्यांचे दोनच रकाने आहेत. बाकीच्या चाचण्यांचे गुण मी माझ्या खासगी वहीत लिहून ठेवतो आणि सत्राच्या शेवटी त्यांचा कुठेच उपयोग होत नाही.

आपला,
एक प्राध्यापक, जि. परभणी