एका विडालवर टायफॉइडची साथ मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात जिल्ह्यात टायफॉइडचे पेशंट वाढल्याची बातमी वाचली. पाणी गढूळ येतंय, घरटी एखादा तापाने फणफणलाय, हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बातमीत जो पेशंटचा आकडा दिलाय तो नक्की कशावरून आला हे कुठंच लिहिलेलं नाही. मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करते, त्यामुळे अंदाज सांगते, त्यातले बरेचसे पेशंट फक्त 'विडाल पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर त्या यादीत गेलेले असणार, कारण आमच्या भागात टायफॉइडचं निदान बहुतेक वेळा असंच होतं.

विडाल ही टेस्ट फर्नांड विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली काढली. त्या काळात ती मोठीच गोष्ट होती. पण ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि आपल्याकडे गावोगाव हा आजार असल्यामुळे कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तात त्या आधीपासूनच असतात. कधी लहानपणी होऊन गेलेला असतो, कधी कळलेलंही नसतं. मलेरिया डेंग्यूसारख्या दुसऱ्या तापातही विडाल वर जाऊ शकते. म्हणून पुस्तकात काय लिहिलंय की एकदा करा, मग दहा-चौदा दिवसांनी परत करा आणि अँटीबॉडीचा आकडा चौपट झाला तरच अर्थ लावा. आता दहा दिवसांनी ताप उतरलेला माणूस परत रक्त द्यायला येतोय होय? त्यामुळे पहिल्याच कागदावर 'टीओ १:१६०, टीएच १:१६०', म्हणजे दोन प्रकारच्या अँटीबॉडीचे आकडे, दिसलं की सलाईन सुरू. त्यात ताप येऊन दोन-तीन दिवस झाले की लगेच विडाल मागवतात, म्हणजे टायफॉइड खरोखर असला तरी तोवर अँटीबॉडी पुरेशा तयार झालेल्याच नसतात, मग रिपोर्ट निगेटिव्ह, मग "टायफॉइड नाही बरं का". दोन्हीकडून चूक.

दुसरा मार्ग आहे आणि तो आता पूर्वीपेक्षा खूप सोपा झालाय. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच बाटलीत वाढवून बघायचा. पूर्वी रक्त घातलेल्या बाटल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून रोज डोळ्यांनी बघायच्या, गढूळ झाली का, झाली का, आणि मग जंतू वाढवायच्या प्लेटवर लावायचं. आता ऑटोमॅटिक मशीन असतं. बाटलीच्या तळाशी एक सेन्सर असतो, आत जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सेन्सरचा रंग बदलतो, आमच्या मशीनच्या बाटलीत तो हिरवटचा पिवळा होतो. मशीन बाटल्या हलवत राहतं आणि दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासतं, रात्री अडीचला सुद्धा. टायफॉइडचा जंतू असला तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत मशीन बोंबलायला लागतं. मग बाटलीतला थेंब काचेवर घेऊन ग्रॅम स्टेन करायचा, म्हणजे जंतूंना रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली गुलाबी काड्या दिसल्या की तेव्हाच डॉक्टरांना फोन, पूर्ण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

त्याच्या पुढचं मशीन म्हणजे माल्डी-टॉफ, ते वाढलेला जंतू कोणता हे ओळखतं. आमच्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगला गेले तेव्हा हाताळलं. प्लेटवर वाढलेली जंतूंची कॉलनी, म्हणजे ठिपका, टूथपिकच्या टोकाने उचलायची, धातूच्या प्लेटवर पुसल्यासारखी लावायची, वर मॅट्रिक्स नावाच्या रसायनाचा थेंब टाकायचा आणि आत सरकवायची. लेझर पडतो, जंतूमधली प्रोटीन्स उडतात, त्यांच्या वजनाचा जो नकाशा येतो तो बोटाच्या ठशासारखा मशीनमधल्या साठ्याशी जुळवला जातो आणि काही मिनिटांत जंतूचं नाव स्क्रीनवर. हेच काम आम्ही शर्करेच्या नळ्या लावून, जंतू कुठली साखर वापरतो ते बघत, दुसऱ्या दिवसापर्यंत करायचो. या तंत्राच्या पायाभूत कामासाठी जपानच्या कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं, तेही एका कंपनीत नोकरी करणारे इंजिनिअर होते, हे मला फार आवडतं. पण गंमत बघा, एवढं महागडं मशीनसुद्धा 'साल्मोनेला', म्हणजे टायफॉइडचा जंतू ज्या गटातला तो गट, इथपर्यंतच खात्रीने सांगतं, तो टायफॉइडचाच आहे का हे ठरवायला आम्ही अजूनही काचेवर अँटीसीराचा (त्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी असलेल्या द्रवाचा) थेंब टाकून, काच हलवून, गुठळ्या होतात का ते बघतो. बाईच्या हाताचं काम काही संपत नाही!

आता ब्लड कल्चर तरी शंभर टक्के का, तर नाही. खरा टायफॉइड असलेल्या शंभर जणांत साधारण साठ जणांचंच पॉझिटिव्ह येतं. कारण या आजारात एका मिलिलिटर रक्तात जिवंत जंतू एखादाच असतो, कधी तोही नसतो. मग लोक विचारतात पीसीआर करा की, कोरोनात तर एका दिवसात रिपोर्ट यायचा. अहो पण पीसीआर जंतूचा डीएनए वाढवून शोधतं आणि त्याला लागतं इवलंसं रक्त, त्या इवल्याशा रक्तात जंतूच नसेल तर मशीन वाढवणार काय? म्हणून मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त हवं आणि जमलं तर दोन हातांतून दोन बाटल्या. आमच्याकडे येते ती बाटली कशी असते सांगू? दोन मिलिलिटर रक्त, फॉर्मवर नाव अर्धवट, आणि "अँटिबायोटिक सुरू आहे का" या रकान्यात काहीच नाही. नातेवाइकांना विचारलं की म्हणतात, "तीन दिवस झाले की मॅडम सलाईनमधून इंजेक्शन चालू आहे, ताप उतरेना म्हणून आता कल्चर सांगितलंय." मग त्या बाटलीत काय उगवणार! पाच दिवस मशीन ती बाटली गोल गोल फिरवतं आणि आम्ही "नो ग्रोथ" लिहून देतो, आणि मग तेच डॉक्टर म्हणतात कल्चरचा काही उपयोग नाही, विडालच बरी.

सगळीकडे मशीन कुचकामी आहे असं अजिबात नाही हं. टीबीचं बघा. थुंकीची काच तपासून टीबी दिसायला एका मिलिलिटरमध्ये निदान पाच-दहा हजार जंतू लागतात आणि कल्चरला आठवडेच्या आठवडे जायचे. पीसीआरवरच चालणाऱ्या जीनएक्सपर्ट मशीनला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली, आणि दोन तासांत टीबी आहे का आणि त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का हे दोन्ही कळायला लागलं. त्यानंतर आलेलं तसंच मशीन ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, म्हणजे लाईट गेली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात टेस्ट अडत नाही. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. तिथे मशीनने खरंच पेशंटचं आयुष्य बदललं.

चुकीच्या टायफॉइडमुळे बिघडतं काय, तर मुख्य म्हणजे खरा आजार लपतो. स्क्रब टायफस घ्या, गवतातला बारीक किडा चावून होतो, २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात केवढा गाजला होता. त्याला डॉक्सीसायक्लिनची स्वस्त गोळी लागते, टायफॉइडला देतात ते सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन त्याला चालत नाही. विडाल वर आली म्हणून पेशंट आठवडाभर भलतंच इंजेक्शन घेत पडतो आणि काखेतला किंवा जांघेतला सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग कुणी कपडे काढून बघतच नाही. दुसरं म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासा होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचा आपल्याकडच्या टायफॉइडवर उपयोग जवळजवळ संपलाच आहे. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला, तोंडाने घ्यायचं अॅझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. आपल्या जिल्ह्यात असा जंतू उद्या आला तर तो विडालमध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिथे जंतू हाताला लागतच नाही, मग कुठलं औषध चालेल हे बघायची सेन्सिटिव्हिटी टेस्ट लावायची कुणावर?

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस द्यायला सुरुवात केली. त्या लसीचा फायदा किती झाला हे कल्चरने सिद्ध झालेल्या पेशंटवरून मोजलं. विडालवर मोजलं असतं तर लस चांगली की वाईट हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पैशाचा मुद्दा मला मान्य आहे. विडाल शंभर-दोनशेत होते, कल्चरला आमच्याकडे हजाराच्या आसपास जातात, आणि छोट्या गावात ते मशीनच नसतं. पण चार दिवसांच्या सलाईनचं बिल किती होतं हेही मांडा ना शेजारी. बाटली तर कुठल्याही दवाखान्यात ठेवता येते, रक्त भरून त्याच दिवशी एसटीने तालुक्याला पाठवता येते.

माझं म्हणणं एवढंच की टायफॉइडची बातमी छापताना तुमच्या वार्ताहराने आरोग्य विभागाला एक प्रश्न विचारावा, यातले कल्चरने सिद्ध झालेले किती? आकडा छोटा आला तरी तोच छापा. आणि डॉक्टर मंडळींनी इंजेक्शनचा पहिला डोस भरायच्या आधी बाटली भरावी, उलट क्रमाने नको. पेशंटच्या घरच्यांनीही न लाजता विचारावं, "डॉक्टर, औषध सुरू करायच्या आधी कल्चरचं रक्त काढायचं का?" आणि हो, बाटली लॅबला पोचायला उशीर होणार असेल तर ती बाहेरच ठेवा, फ्रीजमध्ये नको. काळजीपोटी बर्फात घालून आणतात काही जण, थंडीत जंतू वाढायचा थांबतो आणि नाजूक असला तर मरतोसुद्धा.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, सांगली जिल्हा