जाहिरातीत 'आय फाईव्ह' छापता, मग पुढचा नंबर का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या जिल्हा पुरवणीत कॉम्प्युटरच्या जाहिरातींची रांग लागते. 'कोअर आय फाईव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड माऊस फ्री', खाली दोन मोबाईल नंबर आणि बारीक टायपात 'अटी लागू'. सगळं असतं त्यात, फक्त प्रोसेसरचा पूर्ण नंबर नसतो. तो छापल्याशिवाय अशी जाहिरात तुम्ही घेऊ नये, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय.

माझा कराडला डीटीपीचा धंदा आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की पॅम्प्लेटं. दुकानातली मशिनं मी पार्ट आणून स्वतःच जोडतो, त्यामुळे आमच्या पेठेत कोणाला पीसी घ्यायचा झाला की तो पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे येतो आणि विचारतो, काका हे चांगलंय का. आता मी काय सांगणार? आय फाईव्ह हे नाव इंटेल २००९ पासून वापरतंय आणि त्या नावाखाली चौदा पिढ्यांचे प्रोसेसर येऊन गेले. स्विफ्ट विकायची आहे म्हटल्यावर कोणी लगेच पैसे काढून देत नाही ना, कितवं मॉडेल, पासिंग कधीचं हे आधी विचारतो. इथे मात्र नुसत्या नावावर व्यवहार होतो.

नंबर वाचायला काही अवघड नसतो हो, शेवटचे तीन आकडे झाकले की उरते ती पिढी. आय फाईव्ह १२४०० म्हणजे बारावी पिढी, आय फाईव्ह २४०० म्हणजे दुसरी, म्हणजे २०११ सालचा माल. मागच्या जूनमध्ये शेजारच्यांनी पोरासाठी 'आय सेव्हन' घेतला, घरी जाऊन विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला तर आय सेव्हन २६००, तोही २०११ चाच. चार कोर, आठ थ्रेड, म्हणजे आत काम करणारी चार डोकी आणि एकावेळी आठ कामं. आता २०२२ साली आलेला आय थ्री १२१०० घ्या, त्यालाही चार कोर आठ थ्रेडच आहेत पण तो या 'सेव्हन'ला आरामात मागे टाकतो, आणि पोरगं आपलं खूश की मला थ्री नाही सेव्हन मिळाला.

जुनं मशीन टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली की टॅली, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म भरणं सगळं होतं त्याच्यावर, माझ्याकडे बिलं करायला असंच एक आहे. पण जुनं म्हणून विका आणि जुन्याच्या भावात विका. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे. दुकानदार जुगाड करून ११ टाकून देतात ते चालतंही, पण पुढच्या मोठ्या अपडेटला ते चालेल याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि तोवर दुकानदारही हात वर करतो.

हे सगळं यंदाच का बोलतोय तर रॅमचे भाव. २०२५ च्या शेवटापासून रॅम कशी भडकलीय ते पार्ट घेणाऱ्याला विचारा. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग नवीन डीडीआर फाईव्हचा (डीडीआरच्या पुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी) सेट महाग, डीडीआर फोरही वर गेलेली, आणि अशा वेळी जाहिरातीत १६ जीबी रॅमसकट सगळा सेट स्वस्तात दिसला की माणूस भुलणारच. ती १६ जीबी असते डीडीआर थ्री, ऑफिसांच्या भंगारात निघालेली. ती पुढे नव्या बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, लागत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, म्हणजे दोन वर्षांनी अपग्रेड करायला गेलात तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही टाकून द्यायचं.

म्हणून पालकांना मी सांगतो की पार्टची यादी करा आणि स्वतः जोडा, नाहीतर समोर बसून जोडून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, गेलात तर सकाळी चार दुकानांत तीच यादी दाखवायची, भाव आपोआप कळतो. कॉलेजच्या पोराला, ज्याला कोडिंग, थोडं फोटोशॉप आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी व्हॅलोरंट खेळायचंय, त्याला एएमडी कंपनीचा रायझन फाईव्ह ५६००जी सारखा प्रोसेसर भरपूर झाला. त्यातला जी महत्त्वाचा, जी म्हणजे ग्राफिक्स, स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, आतच आहे, वेगळं कार्ड लगेच घ्यायला नको. इंटेलमध्ये उलटं बघायचं, नंबराच्या मागे एफ असेल, १२४००एफ वगैरे, तर आत ग्राफिक्स नाही आणि कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. शंभरातली पन्नास भांडणं या एका अक्षरावरून होत असतील. आणि जी वाला घेतला तर रॅमच्या आठ आठच्या दोन पट्ट्या घ्या, सोळाची एक नको, कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं आणि दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जायचे दोन रस्ते, मिळाले की गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो.

कोणी म्हणेल हा ५६००जी ज्यात बसतो ते एएम फोर सॉकेट जुनं झालं, एएम फाईव्ह घ्या. बरोबर आहे, एएम फाईव्ह २०२२ पासून आहे आणि पुढची वाट त्याचीच, पण त्याला फक्त डीडीआर फाईव्ह चालते आणि तिचा भाव वर सांगितलाच. खिशात असेल तर जरूर घ्या. आणि घरी पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन राहिली तर घाबरून बटण दाबू नका, ते बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतं.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत 'फ्री' येतो तो ४५० वॅट लिहिलेला डबा हातात घेऊन बघा, वजनच सांगेल. वजनावर विश्वास नसेल तर बाजूचं स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या समोर १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, आणि आजच्या पीसीत प्रोसेसर काय आणि ग्राफिक्स कार्ड काय, दोघंही खातात ते याच १२ व्होल्टवरून. मग ४५० कुठून आले देव जाणे. आमच्याकडे लाईट जाणं-येणं, व्होल्टेज कमी-जास्त होणं रोजचं, त्यात असा एसएमपीएस गेला की कधी कधी बोर्ड घेऊन जातो. इथे पैसे वाचवू नका, मॉनिटर हवं तर जुना वापरा. यूपीएसचंही तसंच, ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०. आणि घरात अर्थिंग आहे का ते एकदा वायरमनला बघायला सांगा, तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे आत अर्थिंगची वायर असतेच असं नाही.

जोडायला खरंच रॉकेट सायन्स लागत नाही. एक चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, टेबल आणि एक निवांत दुपार. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्यात, नक्की कुठे ते पुस्तिकेत असतं. प्रोसेसरची वेगळी पॉवर वायर वरच्या कोपऱ्यात असते ती लोक विसरतात, आणि कार्ड टाकलं तर मॉनिटरची एचडीएमआय वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. पॉवर बटणाच्या त्या बारीक पिना मात्र वैताग आणतात, त्याला इलाज नाही.

खरा घोळ असतो बिलाचा. 'बिल पाहिजे का? मग १८ टक्के वेगळे' हे वाक्य ऐकलं नाही असा गिऱ्हाईक मला अजून भेटायचाय. बॉक्समधल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, रॅमला आणि चांगल्या एसएमपीएसला त्याहून जास्त, पण हे सगळं सिरियल नंबर असलेल्या बिलावर. 'असेंबल्ड पीसी, एक नग' असं एका ओळीचं बिल दिलं तर उद्या कुठल्या पार्टसाठी कोणाच्या दारात उभं राहणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात महत्त्वाची माहिती लपवू नका असंच सांगितलंय. फसलेल्या माणसाला १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, पण तिथे फोन करायची पाळी पैसे गेल्यावर येते. जाहिरात तुमच्या टेबलावर त्याच्या आधी येते.

जाहिराती हेच पेपरचं पोट आहे हे मला कळतं, मी स्वतः त्या सेट करून तुमच्या ऑफिसला पाठवतो. दुकानदारांवरही माझा राग नाही, त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक आहेत आणि हे छापून आल्यावर दोघं-तिघं तरी येऊन बोलणार. तुमच्या जाहिरात विभागाने फक्त तीन गोष्टी मागाव्यात, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम डीडीआर कितवी, आणि माल नवीन की रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त केलेला. 'जागा बसत नाही साहेब' असं कोणी म्हणालं तर जाहिरात माझ्याकडे पाठवा, 'माऊसपॅड फ्री' मधला तो फुगा काढला की तिन्ही ओळी आठ पॉइंटात बसतात.

आपला,
एक वाचक आणि जाहिरातदार, कराड