आजीची 93 वर्षं लिहिताना

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आजी गेल्यावर तिच्यावर घरापुरती एक पुस्तिका करायची म्हणालीस, ते ऐकून भरून आलं. जरूर कर. फक्त एक ध्यानात घे. तुम्ही नातवंडं जिला ओळखता ती सत्तरीनंतरची आजी, म्हणजे तिच्या आयुष्याचा जेमतेम चौथा हिस्सा. आधीची 70 वर्षं तिची होती, आणि ती पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून आधी माणसांना गाठ. फोटो आणि कागद थोडे थांबू शकतात. लिहायला सगळ्यात शेवटी बस.

बोलणं रेकॉर्ड करताना फोन विमान मोडवर टाक आणि टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेव, नाहीतर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का आवाजात उतरतो. बोलणाऱ्यापासून अंतर हातभर, त्याहून जास्त नको. पंखा बंद. ॲपमध्ये पर्याय असेल तर वेव्ह फाइल निवड, तिच्यात आवाज दाबून लहान केला जात नाही. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव तू स्वतः म्हण. पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला त्याशिवाय काही कळणार नाही. 40 ते 45 मिनिटं झाली की थांब. म्हातारं माणूस दमलं तरी सांगत नाही. उत्तरं आखूड व्हायला लागली की ओळखायचं.

प्रश्न विचारताना उत्तर त्यातच भरून देऊ नकोस. "आजी फार सोशिक होती ना?" म्हटलंस की "हो, फार" एवढंच हाती लागतं. त्याऐवजी "ती सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायची?" असं विचार. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कोऱ्या कागदावर जुन्या घराचा नकाशा काढायला सांगणं. दार कुठे, पाणी कुठे भरायचे, कोण कुठे झोपायचं. पेन्सिल खोलीखोलीतून फिरू लागली की आठवणी आपोआप निघतात. तो कागद जपून ठेव. बोलणारा गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनात दहा अंक मोज. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतरच येते.

इथे एक खड्डा आहे, तो आधीच दाखवते. माणसाला म्हातारपणी साधारण 10 ते 30 या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. त्यामुळे आजीचं बालपण आणि तरुणपण तिच्या भावंडांकडून भरभरून मिळेल, शेवटची वर्षं आपण सगळे सांगू, आणि 35 ते 60 या वयात मात्र तीन ओळी उरतील: मुलं वाढवली, घर चालवलं, सगळ्यांचं केलं. याच काळात तिने सगळ्यात जास्त कष्ट उपसले. तो सापडेल तो कागदांत. हिशेबाच्या वह्या, पासबुकं, औषधांच्या चिठ्ठ्या, पत्रं. वहीत एखाद्या महिन्यात दूध अर्धं झालं असेल, तर त्या महिन्यात घरात काय चाललं होतं ते मला किंवा मामाला विचार. वह्यांतलं अक्षरही बघ. आधीच्या पानांवर शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आहे. पुढे अक्षर मोठं होतं, रेघ तुटते, आणि शेवटच्या वहीत नुसते आकडे आहेत. ती पानं स्कॅन करून पुस्तिकेत तशीच छाप. गंजलेल्या स्टेपलच्या पिना आणि क्लिपा ओढून काढू नकोस, कागद फाटतो. पाठीमागून पाय सरळ करून सोडव. पातळ गुळगुळीत पावत्या कोऱ्या पडत जातात, त्यांचे फोटो पहिल्याच दिवशी घे.

साल कुणालाच नेमकं आठवत नसतं, प्रसंग आठवतात. पक्क्या तारखांचा एक तक्ता कर (जन्म, लग्नं, बदल्या, मृत्यू) आणि प्रत्येकाला "हे धाकट्याच्या जन्माआधी की नंतर?" एवढंच विचार. वयाची गफलत आपल्या भाषेतच आहे. नोव्हेंबर 1931 चा जन्म आणि मार्च 2025 चा मृत्यू, म्हणजे 93 पूर्ण आणि 94 वं चालू. एक जण त्र्याण्णव म्हणेल, दुसरा "चौऱ्याण्णवाव्या वर्षी" म्हणेल, आणि दोघंही बरोबर. तू सगळीकडे पूर्ण झालेली वर्षंच लिही. एकाच प्रसंगाच्या दोन हकीकती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेव, कुणाची ते लिहून.

आता तिचा फोन. त्यातले व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप म्हणजे तिचा खरा आवाज, खोकल्यासकट. व्हॉट्सॲप काढू नकोस, फोन रीसेट करू नकोस. खातं साधारण 120 दिवस वापरात नसलं की कंपनी ते पुसते, आणि बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. म्हणून सिम आत्ताच बंद करायचं नाही. प्रत्येक निरोप फाइल म्हणून बाहेर काढ आणि आम्हा सगळ्यांच्या फोनमधलेही गोळा कर.

फोटोंचं म्हणशील, तर चिकट पानांच्या अल्बममधून ते सोडवण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो घे. फोटोंचा क्रम हीसुद्धा माहिती आहे. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकव. येत नसेल तर जबरदस्ती नको, तिथेच स्कॅन कर. काचेला चिकटलेला फोटो तर काचेसकटच. स्कॅन 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचात 600 ठिपके), पासपोर्टएवढे लहान असतील तर 1200 वर, आणि मूळ प्रत टिफ या फाइलप्रकारात. रंगीत फोटो लालसर झालेले दिसतील, कारण त्यातला निळसर रंग उडालाय. दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीवर. मागे नावं लिहायला मऊ पेन्सिल, हात हलका. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिही. "आई" किंवा "काकू" लिहू नकोस, पूर्ण नाव लिही. तुझ्या मुलांसाठी आई दुसरीच असेल. लॅमिनेशन कधीही नाही, ते परत निघत नाही. फाइलच्या नावात साल आधी घाल, 1961-00-00 असं (महिना, दिवस माहीत नसेल तिथे शून्यं), म्हणजे फोटो आपोआप ओळीने लागतात. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

तिच्या साडीची घडी दर काही महिन्यांनी वेगळ्या रेघेवर घाल, नाहीतर घडीवरच कापड विरतं. प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ.

लिहिताना तिला देवी करू नकोस. तिचा राग, तिचा अबोला, जावेशी दोन वर्षं न बोलणं, हेही येऊ दे. मात्र जे लोक हयात आहेत, त्यांच्याबद्दलचा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचायला दे. आजार आणि पैशांच्या गोष्टी मामाला विचारल्याशिवाय नकोत.

पहिला फोन मावशीआजीला कर. आजीची ती एकटीच बहीण उरली आहे. सकाळी 10 च्या सुमाराला कर, दुपारनंतर तिचं लक्ष टिकत नाही. कानाचं यंत्र लावलंय का ते आधी विचार, आणि भेटायला जाताना तो विहिरीजवळचा फोटो घेऊन जा. त्यातल्या डावीकडच्या दोघी कोण, हे आता फक्त तिलाच सांगता येईल.

तुझी,
आई