आई, शनिवारच्या त्या वाक्याविषयी

पुणे, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वहिनीला सहावा महिना लागल्याचे परवा आईने फोनवर सांगितले आणि मी काही बोलण्याच्या आत विषय बदलून सांगलीतल्या पावसावर आणला. आपल्या घरात गेली साडेसहा वर्षे माझ्या गेलेल्या बाळाचा विषय असाच बदलला जातो, आणि तो बदलण्यात माझाही तेवढाच हात आहे. फोनवर आईचा आवाज कापरा झाला की मला पुढे बोलता येत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवू नका. तिला ते एकटीने वाचू द्या आणि मग तुम्ही वाचा.

आई, ९ फेब्रुवारी २०१९, शनिवार. मागच्या पडवीत तू आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे शिवत बसली होतीस आणि मी शेजारी पाय लांब करून बसले होते. मी म्हणाले, "आज सकाळपासून बाळ फारसं हललं नाही गं." सुईत दोरा ओवता ओवता तू म्हणालीस, "नववा लागला, आता त्याला आत जागा कुठे उरली? शेवटी शेवटी हालचाल कमीच होते. तुमच्या दोघांच्या वेळीही असंच झालं होतं." मला अगदी हेच ऐकायचे होते, त्यामुळे मी ते लगेच मानले. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी होती. तू केशरी शिरा केलास, मी तो आवडीने खाल्ला, दुपारी कुशीवर पडले असता पोटात काहीतरी सरकल्यासारखे वाटले आणि मी निर्धास्त झोपले. ते बाळ होते की माझ्या मनाने ते मानून घेतले, हे मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवले, पुन्हा फिरवले, मग काही न बोलता सोनोग्राफीच्या खोलीत नेले आणि पडदा माझ्याकडून वळवून घेतला. त्या वळलेल्या पडद्यावरूनच मला कळले. सदतिसावा आठवडा चालू होता. पुढचे तुम्हाला सगळे माहीत आहे, तरी एक गोष्ट मी कधी बोलले नाही ती सांगते. बाळ गेल्यावरही बाळंतपण व्हावेच लागते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. गोळ्या दिल्या, कळा आल्या, भिंतीपलीकडे दुसऱ्या कुणाचे तरी बाळ पहिल्यांदा रडले, आणि मंगळवारी पहाटे आपली चिमणी जन्मली तेव्हा खोलीत कुणीही काही बोलले नाही. वजन दोन किलो शंभर ग्रॅम होते. तू सिस्टरना म्हणालीस, "दाखवू नका, माया लागेल." आई, माया नऊ महिने आधीच लागलेली होती. त्या सिस्टरनी तुझे ऐकले नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पाच-सात मिनिटे ती माझ्या कुशीत होती. डोक्यावर दाट जावळ होते आणि हाताची बोटे थेट बाबांसारखी लांब होती. हे मी तुम्हाला आज प्रथमच सांगत आहे, बाबा.

त्यानंतर नातेवाइकांनी कारणे शोधली. आत्याने २७ जुलै २०१८ च्या चंद्रग्रहणाची आठवण काढली आणि त्या रात्री मी भाजी चिरली होती का, असे विचारले. कुणी पुणे-सांगली प्रवासाला दोष दिला, कुणी गणपती मंदिरात दर्शनाच्या रांगेत उभी राहिल्याला. तू कुणालाच दोष दिला नाहीस, कारण तुझ्या मनात एकच कारण होते आणि ते तू स्वतःजवळ ठेवलेस. तेव्हापासून तू माझ्या डोळ्यांत पाहून बोलत नाहीस. तिसऱ्या दिवशी दूध उतरले तेव्हा तू मऊ फडक्याने माझी छाती घट्ट बांधलीस, गाठ पाठीमागे मारलीस आणि समोर येण्याऐवजी तशीच मागच्या मागे स्वयंपाकघरात निघून गेलीस. आळिवाचा डबा उघडल्याचा आणि पुन्हा झाकण लावल्याचा आवाज मला आला. मी दवाखान्यातून येण्यापूर्वीच खोलीतला पाळणा, झबली, टोपडी सगळे नाहीसे झाले होते. तो तुमचा मायेचाच उपाय होता हे मला समजते, परंतु रिकाम्या पाळण्यापेक्षा ती रिकामी जागा पाहणे मला जास्त जड गेले.

म्हणून आता कारण नीट लिहिते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोषण पुरवणारा अवयव, तपासणीला पाठवली होती, तिचा अहवाल पाच आठवड्यांनी आला आणि इथल्या डॉक्टरांनी तो मला तासभर समजावून सांगितला. वारेच्या बऱ्याच मोठ्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडून तो भाग निकामी झाला होता, त्यामुळे बाळाला प्राणवायू आणि पोषण कमी पडत गेले आणि म्हणूनच वजनही कमी भरले. ग्रहण, प्रवास, मंदिरातली रांग यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. बाळाला पुरेसे मिळेनासे झाले की ते आपली शक्ती राखण्यासाठी हालचाल कमी करते, असे त्यांनी सांगितले. शेवटच्या आठवड्यांत हालचालींची तऱ्हा बदलू शकते, लाथा कमी होऊन कूस बदलल्यासारखे जास्त जाणवते; पण जागा उरली नाही म्हणून बाळ शांत होते, ही समजूत चुकीची आहे. मी त्यांना विचारले की शनिवारीच आले असते तर ती वाचली असती का. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. "कदाचित वाचली असती, कदाचित नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही," एवढेच ते म्हणाले.

आई, हे वाचून तुला काय वाटेल याची मला कल्पना आहे, आणि त्या भीतीपोटीच मी इतकी वर्षे गप्प राहिले. तू जे बोललीस ते तुला तुझ्या आईने सांगितले होते आणि तिला तिच्या आईने. तू माझ्या भल्यासाठीच बोललीस. पोटात काय चालले आहे हे मला जाणवत होते, फोन माझ्या हाताशी होता आणि दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर होता. तरीही मी गेले नाही, कारण मलाही काही झाले नाही असेच मानायचे होते. माझा तुझ्यावर राग नाही. पहिले वर्षभर होता, हे लपवत नाही. तो कधी ओसरला ते कळले नाही, पण २०२१ मध्ये बाळ्याच्या वेळी ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज घेत आणि दर आठवड्याला तपासणीला जात मी दिवस काढले, तेव्हा रात्री तीन वाजता फोन करून "हलतंय ना गं?" असे विचारणारी तूच होतीस.

पण वहिनीला ते वाक्य सांगू नकोस. पहिले बाळंतपण म्हणून ती आठव्यात तासगावला माहेरी जाईल आणि तिथेही कुणीतरी मोठी बाई तिला तेच सांगेल. ती जाण्यापूर्वी तूच तिला जवळ बसवून सांग की जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा भरल्या नाहीत किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या तर रात्र असो वा सण असो, त्याच वेळी दवाखान्यात जायचे. घरी गोड खाऊन वाट पाहत बसायचे नाही. मी सांगितले तर ती घाबरेल, आणि चिमणीची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नसेल तर तिला ते खरेही वाटणार नाही. तू सांगितलेस तर ती ऐकेल. जगात दर वर्षी सुमारे १९ लाख बाळे गरोदरपणाच्या २८ आठवड्यांनंतर अशी जातात आणि त्यांतली सर्वाधिक आपल्या देशात, तरी प्रत्येक घराला वाटते की हे आपल्याच घरी घडले आणि ते झाकून ठेवले पाहिजे.

बाबा, आता तुमच्याविषयी. पोटात असताना तुम्ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन "चिमणी काय म्हणतेय?" असे विचारत होता. त्या मंगळवारनंतर तो शब्द तुम्ही एकदाही उच्चारला नाहीत. अंगणातल्या चिमण्यांनाही तुम्ही नुसते "पाखरं" म्हणता, हे माझ्या लक्षात आले आहे. नोंदणीच्या कागदावर तिची नोंद "उपजत मृत्यू" अशी आहे आणि त्यात बाळाच्या नावासाठी रकानाच नाही. नोकरीच्या ठिकाणीसुद्धा आधी हा गर्भपातच धरून मला सहा आठवड्यांची रजा देऊ केली होती. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते, हे मी त्यांना लेखी दाखवले तेव्हा पूर्ण सव्वीस आठवडे मिळाले. रजेचा मला तसा काही उपयोग नव्हता. तिला मूल म्हटले गेले, हे मला हवे होते. तिला नाव मात्र तुम्हीच दिले होते, दुसरे कुणी दिले नाही.

त्या दिवशी मी यांचा हात सोडला नाही, म्हणून तुम्ही आणि दादा तिला घेऊन गेलात. परत आलात तेव्हा तुमच्या चपलांना नदीची माती होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी टीव्हीवर तासातासाला सांगत होते, तुम्ही दोघे मिरजेला मावशीकडे होता, आणि मी पुण्यात बसून फक्त एकच विचार करत होते की ती जागा पाण्याखाली गेली असेल का. तुम्हाला विचारण्याचे धाडस झाले नाही. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढायच्या आधी तुम्ही एकटेच नदीकडे जाऊन आलात, असे दादाने मला नंतर सांगितले. जागा कुठे आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाबांना विचार."

आम्ही भाऊबीजेला येत आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मला तिथे घेऊन चला. तिथे आता काही खूण उरली नसेल, तरी चालेल. तुम्ही हात करून दाखवा, एवढे पुरे आहे. आईला यायचे असेल तर तिलाही घेऊ. आणि आई, ते दुपटे तिच्याबरोबर गेले की अजून तुझ्या कपाटात आहे, हे मला तेव्हा सांग.

बाळ्या मजेत आहे. तुमच्या औषधांची वेळ चुकवू नका.

तुमची,
ताई